पासवर्ड फ्रिजवर, नाव पोटात

मुलगी: नाही दिसत, बाबा. शेजारपाजारची पाच नेटवर्कं दिसतात, त्यातलं एक तर समोरच्या दंतवैद्याचं आहे. आपलं तेवढं नाही.

बाबा: दिसायचंच नाही ते. लपवलंय.

मुलगी: कोणी?

बाबा: मी. त्या वायफायच्या यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरायचं, एक बरोबरची खूण असते ती काढायची. नाव दिसायचं बंद. पुस्तिकेत दिलंय, पान चौदा.

मुलगी: गेल्या खेपेला तर दिसत होतं. कंपनीने दिलेलं ते लांबलचक नाव, अर्धे नुसते आकडे.

बाबा: ते बदललं. बदललं आणि मग लपवलं.

मुलगी: बरं, नवीन काय ठेवलंय? सांगा, मी हाताने टाकते. चारला मला रुग्णालयाच्या नेटवर्कवर जायचंय. आज नवी यंत्रणा चालू होतेय तिथे. दोनशे खाटांचं रुग्णालय, आणि त्याचं नेटवर्क सांभाळणारी बाई इथे तुमच्या सोफ्यावर बिननेटची बसलीय. फोनला या घरात रेंजची एकच दांडी येते, तीही खिडकीत उभं राहिलं तर.

बाबा: दे इकडे लॅपटॉप. मी टाकून देतो.

मुलगी: तुम्ही कशाला? मला सांगा ना.

बाबा: तू जरा तिकडे तोंड कर.

मुलगी: काय?

बाबा: भिंतीकडे बघ दोन मिनिटं. तेवढ्यात होतंय.

मुलगी: बाबा, पासवर्ड टाकताना लोक तोंड फिरवायला सांगतात. नाव टाकताना कोणी सांगत नाही.

बाबा: पासवर्ड काय, तो हवा तेवढा घे. फ्रिजवर लावलाय बघ, चुंबकाखाली. मोठ्या अक्षरात लिहिलाय, तुझ्या आत्याला चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून.

मुलगी: एक मिनिट. पासवर्ड फ्रिजवर आणि नाव गुपित?

बाबा: हो.

मुलगी: म्हणजे किल्ली दाराबाहेर खिळ्याला टांगायची, आणि घर कुठलं ते मात्र सांगायचं नाही.

बाबा: घरच सापडलं नाही तर किल्ली घेऊन काय करणार माणूस?

मुलगी: हे तुम्ही बोलताय?

बाबा: मीच बोलतोय. दुसरं कोण आहे इथे?

मुलगी: चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलीत तुम्ही. मी बाराखडीच्या आधी लिव्हर आणि खिट्टी शिकले. ते डॉक्टर आठवतात का, कान-नाक-घशाचे?

बाबा: कोण डॉक्टर?

मुलगी: अहो, ज्यांच्या भिंतीतल्या कपाटाचं कुलूप बिघडलं होतं. तुम्ही म्हणालात बदला, ते म्हणाले राहू द्या, मी भोकावर कॅलेंडर टांगतो, कोणाला दिसणारच नाही. तुम्ही दुकानात येऊन पोट धरधरून हसलात. मी गृहपाठ करत बसले होते तिथे. काय म्हणाला होतात?

बाबा: आता कुठलं आठवायला.

मुलगी: मला आठवतंय. म्हणालात, "चोर सगळ्यात आधी ते कॅलेंडरच उचलून बघणार. जमिनीपासून दीड हातावर तारीख कोण बघतं?"

बाबा: ते कुलूप होतं, हातात धरायचं. हे हवेतलं आहे. हवेतल्याचं गणित निराळं.

मुलगी: गणित तेच आहे. तुम्ही खूण काढलीत म्हणून यंत्र गप्प बसत नाही. ते लहरी सोडतच असतं, फक्त नावाच्या जागी कोरं सोडतं. साध्या माणसाला ते दिसत नाही, मान्य. पण ज्याला शिरायचंय त्याला ती कोरी जागाच आधी डोळ्यांत भरते. आणि घरातला कुठलाही फोन त्याला जोडला गेला की त्या क्षणी नाव हवेत उघड बोललं जातं. ऐकणाऱ्याने ऐकायचं फक्त. मी इथे बसल्या बसल्या पाच मिनिटांत काढून दाखवते.

बाबा: काढून दाखवू नकोस!

मुलगी: एवढं ओरडायला काय झालं?

बाबा: ओरडलो कुठे? काढू नकोस, एवढंच म्हटलं.

मुलगी: अहो, नावाने कोणी घर लुटत नाही. लुटतात ते फ्रिजवरच्या चिठ्ठीने.

आत्या: काय रे धाकट्या, वरपर्यंत आवाज येतोय तुझा. पोरगी येऊन तास झाला नाही, आणि लगेच तिच्यावर खेकसायला लागलास?

बाबा: अक्का, जिना उतरताना कठडा धरत जा म्हणून किती वेळा सांगितलं.

आत्या: कठडा धरला तर टॅब कुठे धरू? आणि तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे मी, जिने तुझ्या आधीपासून उतरतेय. काय झालं गं?

मुलगी: आत्या, बाबांनी नेटवर्कचं नाव लपवलंय, आणि मला सांगायला तयार नाहीत.

आत्या: लपवलं ते बरंच केलं. दिसलं की लोक मागायला येतात. दिसलंच नाही तर मागणार काय?

बाबा: बघ. अनुभवी माणसाचं ऐक.

मुलगी: तुझ्या टॅबवर कोणी जोडून दिलं, आत्या?

आत्या: यानेच. मला म्हणाला, भिंतीकडे बघ. मी म्हटलं, भिंतीत काय बघायचंय, मी आपली खिडकीतून बघते.

मुलगी: तुलाही भिंतीकडे! दे बरं तुझा टॅब जरा.

बाबा: तो चार्जिंगला लावायचाय.

आत्या: कशाला? आत्ताच काढलाय, पूर्ण भरलाय. हा घे गं.

बाबा: आण इकडे, अक्का. पुसून देतो. किती बोटं उमटलीत त्यावर.

मुलगी: बाबा, तुम्ही तो टॅब पाठीमागे का धरलाय?

बाबा: धरला नाही. हात दुखतो म्हणून मागे घेतलाय, त्यात टॅब आहे.

मुलगी: बरं, राहिलं. नको मला टॅब. एवढंच सांगा, दुकानात लोकांच्या किल्ल्या राहायच्या, त्यांना तुम्ही पितळी चकत्या बांधायचात. त्यावर काय कोरायचात?

बाबा: आकडा.

मुलगी: पत्ता का नाही?

बाबा: शहाणीच आहेस. किल्लीवर पत्ता कधी घालायचा नाही, हा पहिला नियम. किल्ली पडते, हरवते. सापडली तर ती नुसती लोखंडाचा तुकडा असली पाहिजे. ज्याला सापडली त्याला दार कळता कामा नये.

मुलगी: मग नाव लपवल्या दिवसापासून तुम्ही किल्लीवर पत्ता घालून गावभर हिंडताय. आणि ती किल्ली नुसती लटकत नाहीये, हाका मारतेय.

बाबा: कोण हाका मारतंय?

मुलगी: तुमचा फोन. असं बघा. नाव उघडं असतं तेव्हा यंत्र स्वतःच सांगत असतं, मी इथे आहे, मी इथे आहे. फोन घरी आला की ऐकतो आणि जोडला जातो. त्याला विचारावं लागत नाही. तुम्ही यंत्राच्या तोंडावर हात ठेवलात. मग फोनला कळणार कसं, घर आलं की नाही ते? त्याला बिचाऱ्याला स्वतःच विचारत फिरावं लागतं. अमुक आहेस का? अमुक आहेस का? आणि त्याला काय माहीत आपण घरी आहोत की भाजीबाजारात. तो सगळीकडे विचारतो. न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात.

बाबा: नाव घेऊन?

मुलगी: नाव घेऊन. घरात लपवलेलं नाव बाहेर आरोळ्या ठोकतंय.

बाबा: सगळ्यांना ऐकू जातं?

मुलगी: कानाला नाही. पण माझ्यासारखा कोणी लॅपटॉप उघडून बसला असेल, तर त्याच्या पडद्यावर ओळ येते. या फोनला अमुक नावाचं घर हवंय.

बाबा: आणि समज, फोन कपाटात ठेवलेला असेल तर?

मुलगी: कसल्या कपाटात?

बाबा: समज, पत्र्याच्या. कुलूप लावून. चांगलं सात लिव्हरचं कुलूप, घरून नेलेलं.

मुलगी: पत्र्याने थोडा दबेल, पण फटीतून जातंच की. फोन आत बसून विचारत राहणार.

बाबा: तासभर?

मुलगी: तुम्ही ठेवाल तेवढा वेळ. तुम्ही कुठल्या कपाटात तासभर फोन ठेवता, बाबा?

बाबा: समज म्हटलं ना मी.

आत्या: रोज सकाळी जातो तिथलं असेल. सहाला बाहेर पडतो, आठला येतो, आणि डोकं ओलंचिंब. विचारलं तर म्हणतो, फिरायला गेलो होतो, घाम आलाय.

मुलगी: रोज?

आत्या: रविवार सोडून. आणि घामाला वास कसला, तर दवाखान्याची फरशी पुसतात ना, तसला. मी मनात म्हटलं, हा कुठे उपचारबिपचार घेतोय की काय गुपचूप.

मुलगी: बाबा.

बाबा: काही नाही गं.

मुलगी: "काही नाही" म्हणू नका. आईच्या वेळीही तुम्ही दोघं हेच म्हणत होतात. काही नाही, काही नाही. दोन महिने मला फोनवर हवापाणी सांगत राहिलात, आणि मी आले तेव्हा तिला बसताही येत नव्हतं. तब्येतीचं काही असेल तर आत्ता, या क्षणी सांगा. नाव गेलं खड्ड्यात.

बाबा: अगं, नाही गं. आई शप्पथ, तसलं काही नाही. ठणठणीत आहे मी. पोहायला जातो.

आत्या: कुठे?

बाबा: पाण्याच्या टाकीमागे नवा तलाव झालाय ना, पोहायचा. तिथे.

आत्या: पाण्यात?

बाबा: पोहायला पाण्यातच जातात, अक्का.

आत्या: तू? अगं, हा अंगावर पहिला तांब्या घेताना डोळे घट्ट मिटायचा. शाळेची सहल नदीवर गेली तर हा पठ्ठ्या बसमधून उतरला नव्हता. दिवसभर ड्रायव्हरशी गप्पा मारत बसला होता.

बाबा: त्या ड्रायव्हरनेच मला पहिलं कुलूप खोलून दाखवलं. वाया नाही गेला तो दिवस.

मुलगी: अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकताय, हे चांगलंच आहे की. आम्हाला का नाही सांगितलंत? यात लपवण्यासारखं काय होतं?

बाबा: पोहण्यात काही नाही.

मुलगी: मग कशात आहे?

बाबा: चहा टाकतो.

मुलगी: बसा. हे बघा, लॅपटॉप मिटला मी. नाव मला पाच मिनिटांत काढता येईल, आत्याच्या टॅबवर तर अर्ध्या मिनिटात. पण नाही काढणार. तुमचं आहे ते. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. चारला मी खिडकीत उभी राहीन एका दांडीवर. रुग्णालय काही बुडत नाही.

आत्या: मी जाऊ का वर?

बाबा: तू बस. तुलाही कधीतरी सांगायचंच होतं. एक बाई आहेत.

आत्या: कुठे आहेत?

बाबा: तलावावर, अक्का. शाळेत भूगोल शिकवायच्या. आता निवृत्त आहेत. आम्ही एकाच दिवशी शिकायला लागलो. पहिल्या दिवशी मी पाण्यात पाय टाकला आणि सरळ तळाला गेलो, लोखंडी कुलूप पडावं तसा. वर आलो, खोकतोय, नाकातोंडात पाणी, आणि बघतो तर या बाई पाठीवर पडून तरंगतायत. हात नाही, पाय नाही, काही हलत नाही. शिकवणारा मला म्हणतो, काका, त्यांच्यासारखं अंग सैल सोडा. मी म्हटलं, अहो, जन्मभर घट्ट करण्याचंच काम केलंय मी.

मुलगी: मग?

बाबा: मग त्या हसल्या, तशा हसता हसता बुडाल्या. मी हात दिला. चार फूट पाणी होतं तिथे, हात द्यायची गरज नव्हती. पण दिला.

आत्या: आणि तिने घेतला?

बाबा: घेतला.

मुलगी: किती दिवस झाले?

बाबा: मार्चपासून. पोहून झालं की कठड्यावर पाय सोडून बसतो थोडा वेळ. त्या मला नद्या सांगतात, कुठली कुठे उगम पावते. मी त्यांना कुलपं सांगतो. दुसरं काही नाही. म्हणजे आहे. पण बसतो एवढंच.

मुलगी: हे सगळं तुम्ही मला फोनवरही सांगू शकला असतात.

बाबा: फोनवर नको म्हणून तर तुला बोलावलं.

मुलगी: तुम्ही नळ गळतोय म्हणून बोलावलंत. मी आल्या आल्या बघितला, नळ ठणठणीत आहे.

बाबा: हो. नळ बरा आहे. त्या परवा चालल्यात. मुलाकडे, दुसऱ्या शहरात, कायमच्या. सामान बांधून झालंय. मंगळवारी मला विचारलं त्यांनी, "मी इथेच राहिले तर तुम्हाला बरं वाटेल का?" असं सरळ.

मुलगी: मग तुम्ही काय म्हणालात?

बाबा: म्हटलं, घरी विचारून सांगतो.

आत्या: घरी कोणाला? मला तर विचारलं नाहीस!

मुलगी: बाबा! बाईने एवढं धाडस करून विचारलं, आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखे घरी विचारून सांगतो?

बाबा: मग काय करू? तू म्हणाली होतीस.

मुलगी: मी काय म्हणाले होते?

बाबा: आई गेल्यावर. तुझे मामा आले होते, ते आपले सहज बोलले, एकटं राहणं कठीण असतं, पुढचं बघा म्हणून. तू स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन आलीस. म्हणालीस, "या घरात आईच्या नावाशेजारी दुसरं नाव आलं, तर मी परत पाऊल टाकणार नाही." मामा जेवायलाही थांबले नाहीत.

मुलगी: सात वर्षं झाली त्याला.

बाबा: झाली. पण ते तू परत घेतलं नाहीस. मी वाट बघत होतो असंही नाही. आपलं माझ्या डोक्यात ते तसंच राहिलं. मला तू येतेस-जातेस ते हवंय. त्याच्यापुढे बाकीचं राहिलं तरी चालेल, असं मनाशी ठरवलं होतं.

मुलगी: ते मी विसरले नव्हते, बाबा. लाज वाटायची म्हणून विषय काढला नाही. महिना झाला होता आईला जाऊन. मला तेव्हा वाटायचं, कोणी तिची उशी जरी जागची हलवली तरी ती आणखी थोडी जाईल.

बाबा: मलाही तसंच वाटायचं.

आत्या: उशी मीच हलवली. अभ्रा कोणीतरी धुवायला नको का? तुम्ही दोघं नुसते बघत बसला होतात.

मुलगी: ये इकडे, आत्या. बस माझ्याजवळ.

आत्या: रडू नकोस. आधीच नेट नाही, वर तू रडतेस.

मुलगी: नाही रडत. बाबा, मी खोटं नाही बोलणार. टोचतंय मला थोडं. आत्ता या क्षणी टोचतंय. पण तुम्ही रोज सकाळी ओलं डोकं घेऊन स्वतःच्याच घरात चोरासारखे शिरता, ते जास्त टोचतंय. मी असं कधी मागितलं नव्हतं हो. रागाच्या भरात बोलले, आणि तुम्ही त्यालाच कुलूप घालून बसलात.

बाबा: सवय आहे हाताला.

मुलगी: आणि हे नेटवर्क? त्यांचं नाव दिलंत त्याला?

बाबा: नाव नाही दिलं. एवढा वेडा नाही मी. मी त्यांना जे म्हणतो ते दिलं.

मुलगी: काय म्हणता?

बाबा: राहू दे ना.

मुलगी: बाबा.

बाबा: ओंडका.

मुलगी: काय?

बाबा: ओंडका. लाकडाचा. तरंगतात म्हणून. मी चिडवायला म्हटलं, त्यांना आवडलं. त्या मला नांगर म्हणतात. शेतातला नाही, जहाजाचा. खाली जातो म्हणून.

आत्या: ओंडका? ते आपल्या नेटचं नाव आहे? मला वाटलं कंपनीचं.

बाबा: तुला कुठून कळलं?

आत्या: शेजारची सून रोज म्हणते की! "आत्या, आज ओंडका फार हळू चाललाय." "आत्या, ओंडका बंद पडला का?"

बाबा: तिला कसं माहीत?

आत्या: मीच दिला. तिच्या पोराची परीक्षा होती आणि त्यांचं नेट गेलं होतं. पासवर्ड फ्रिजवर होताच, नाव तिने माझ्या टॅबवरून उतरवून घेतलं. चांगली मुलगी आहे. मग सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना लागलं एकदा. मग त्यांच्या पाहुण्यांना.

मुलगी: एकूण किती जण, आत्या?

आत्या: मी काय मोजत बसले का? असतील सहासात. दंतवैद्याने एकदाच वापरलं, त्याचं बंद होतं तेव्हा.

मुलगी: ऐकलंत? अख्ख्या जिन्याला ओंडका माहीत आहे. ज्यांच्यापासून नाव लपलं अशी जगात एकच व्यक्ती, ती मी.

बाबा: तुझ्यापासूनच लपवायचं होतं.

मुलगी: पण का? मला यादीत दिसलं असतं "ओंडका", तर काय कळणार होतं मला? मी म्हटलं असतं, बाबांना सुतारकामाचा नाद लागलेला दिसतोय.

बाबा: तुला नसतं कळलं. मला कळत होतं ना. तू इथे बसून ते नाव निवडलं असतंस, हसली असतीस, आणि मी समोर काहीच नाही असं दाखवत चहा प्यायलो असतो. ते मला जमलं नसतं. एकदा वाटलं, बदलून परत कंपनीचं ठेवावं. तेही हाताने होईना. मग लपवलं.

आत्या: पाणी आणते मी. सगळ्यांनाच.

मुलगी: आण. आणि बाबा, तुम्ही ती पुस्तिका आणा. पान चौदा.

बाबा: आता?

मुलगी: आता. काढलेली खूण परत लावायची. मी नाही, तुम्हीच.

बाबा: सगळ्यांना दिसेल मग.

मुलगी: दिसू दे. सगळे वापरतायतच. पण आधी त्या यंत्राच्या आत शिरायचा पासवर्ड बदला. काय आहे तो?

बाबा: तो कंपनीचाच आहे. यंत्राच्या पाठीवर छापलेला.

मुलगी: धन्य आहे! सात लिव्हरचं कुलूप न्यायचं पोहायच्या तलावावर, आणि घरात छापील किल्ली. ते पहिल्यांदा बदला. मग फ्रिजवरचा बदलू, चांगला लांबलचक ठेवू, तुम्हाला आठवेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही असा. आणि चिठ्ठी उतरवायची.

आत्या: मग मी कुठे वाचू?

मुलगी: तुझ्या टॅबमध्ये मी भरून देते, तुला वाचावंच लागणार नाही. शेजारच्या सुनेला पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क काढून देऊ. आपलं आपल्यापाशी.

आत्या: त्याला काय नाव देणार? काठी? ढलपी?

बाबा: अक्का, पुरे.

मुलगी: काय झालं, थांबलात का?

बाबा: खूण लावायची तर लावतोय. पासवर्ड बदलून झाला, आता तीच शोधतोय.

मुलगी: ती बघा, डावीकडे. सावकाश. हं. आता खालचं "जतन करा" दाबा. मिनिटभर सगळं बंद पडेल, घाबरू नका.

बाबा: दाबलं.

आत्या: माझं गेलं.

मुलगी: येईल. थांब. तोवर तुमचा फोन द्या, बाबा. यातलं जुनं पुसते आणि नव्याने जोडते, म्हणजे तो उद्यापासून बाजारात हाका मारणार नाही. आलं बघा. दंतवैद्याच्या खाली. ओंडका.

बाबा: दिसतंय?

मुलगी: स्वच्छ दिसतंय.

आत्या: माझ्यावर पण आलं. एवढं काही वाईट नाव नाही.

मुलगी: किती वाजले? तीन पंचेचाळीस. माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत, तुमच्याकडे परवापर्यंत. पण परवापर्यंत कशाला थांबायचं? लावा फोन.

बाबा: आत्ता? काय बोलू?

आत्या: घरी विचारलं म्हणून सांग.

मुलगी: जे वाटतं ते सांगा. त्यांनी सरळ विचारलंय, तुम्हीही सरळ बोला.

बाबा: तुम्ही दोघी इथेच बसणार?

आत्या: आम्ही भिंतीकडे बघतो.

(बाबा फोन घेऊन खिडकीत जातात. दोघी खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसतात.)

बाबा: हॅलो. हो, मीच. नाही नाही, तब्येत बरी आहे. सकाळी आलो नाही कारण मुलगी यायची होती. हो. विचारलं घरी. दोघींनाही. मोठी बहीण काय म्हणाली? तिचं सगळं लक्ष मी पाण्यात उतरतो याच्यावरच आहे. आणि मुलगी इथेच आहे, भिंतीकडे बघतेय. नाही, शिक्षा नाही केली. ऐका, मंगळवारी तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. बरं वाटेल. फार बरं वाटेल मला. तुम्ही जाऊ नका. हॅलो? आहात ना? हो. हो, ऐकतोय. बरं. ठेवतो.

मुलगी: बघू आता तुमच्याकडे?

बाबा: बघ.

मुलगी: काय म्हणाल्या?

बाबा: आधी नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं, दांडी गेली.

आत्या: आणि मग?

बाबा: मग म्हणाल्या, खोक्यांच्या दोऱ्या फार आवळून बांधल्यात, सोडायला कोणी येईल का.

मुलगी: पाचपर्यंत माझं काम आटपेल, बाबा. तोवर थांबा. एकटे जाऊ नका.